तिसरा भिडू

दिवाळीची सुट्टी लागली, की आमच्या पंचवटीतल्या घरच्या टीव्हीचा ताबा नातवाकडे जातो. पुण्याहून येताना तो एक वेळ कपडे विसरेल, पण ते काळे खोके आणि दोन हातांत धरायची ती यंत्रे विसरत नाही. पूर्वी बातम्या बघायला मिळत नाहीत म्हणून मी कुरकुरत असे. आता वर्तमानपत्र दोनदा वाचतो.

गेल्या दिवाळीत, म्हणजे २०२५ च्या, स्वारी मात्र गप्प गप्प होती. चकल्यांचा डबा जिथल्या तिथे. सौ.ला वाटले, परीक्षेत काहीतरी बिनसले असावे. शेवटी मीच खोदून विचारले, तर म्हणाला, "आजोबा, हेलो आता प्लेस्टेशनवर येणार."

आधी मला कळेचना. फोनवर म्हणतात ते हॅलो ऐकून मी दोनदा "कोण बोलतंय?" असे विचारले आणि हसे करून घेतले. मग त्याने समजावले. 'हेलो' हा एक्सबॉक्स नावाच्या यंत्राचा मानाचा खेळ. २००१ साली हे यंत्र बाजारात आले ते याच खेळाचे बोट धरून. मायक्रोसॉफ्टचे यंत्र, मायक्रोसॉफ्टचा खेळ. तो खेळायचा तर यंत्र त्यांचेच घ्यायचे. आता कंपनीने जाहीर केले, की २०२६ साली हा खेळ सोनीच्या प्लेस्टेशनवर, म्हणजे थेट प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात मिळेल. एक्सबॉक्सचा खप दोन वर्षे घसरत होता. त्यात २०२५ सालात अमेरिकेत त्याची किंमत एकदा नव्हे, दोनदा वाढवली. वर्गातली मुले नातवाला म्हणतात, तुझी कंपनी बुडाली. 'तुझी' कंपनी! माझ्या लहानपणी आम्ही अमक्या क्रिकेटपटूचे, तमक्या नटाचे असायचो. आता मुले कंपन्यांची असतात. असो.

"तुम्ही इतिहास शिकवायचात ना?" त्याने विचारले, "मग सांगा, हरत चाललेली कंपनी परत वर येते का?"

मंडळी, इतकी वर्षे मी मराठी आणि इतिहास शिकवला. पानिपतानंतर मराठे सावरले का, या प्रश्नाचे उत्तर झोपेतून उठवले तरी देईन. १७६१ ला पानिपत, १७७१ ला महादजी पुन्हा दिल्लीत. पण हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता. 'बघून सांगतो' असे म्हणून मी सुटका करून घेतली. शिक्षकाचे हे जुने शस्त्र आहे, पण मी खरोखरच बघत असे, एवढे माझ्या बाजूने सांगतो.

तर मी बघू लागलो. मुलाने फोनवर काही वाचायला सुचवले, काही नातवाने लावून दिले. वाचता वाचता एका ठिकाणी मी थबकलो. निन्टेन्डो नावाची जपानी कंपनी आहे. तिची स्थापना १८८९ सालची, म्हणजे पंडित नेहरूंच्या जन्मवर्षाची. तेव्हा कुठला टीव्ही आणि कुठले व्हिडिओ गेम! क्योतो शहरात फुसाजिरो यामाउची नावाचे गृहस्थ तुतीच्या सालीपासून केलेल्या कागदाचे पत्ते हाताने बनवून विकत होते. त्या पत्त्यांना 'हानाफुदा' म्हणतात, फुलांचे पत्ते. बारा महिन्यांची बारा झाडेफुले, प्रत्येकाचे चार पत्ते, एकूण अठ्ठेचाळीस.

हाताने बनवलेले पत्ते म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे क्योतो आले नाही, आमची आत्या आली.

आत्या सावंतवाडीकडे दिलेली. लवकर वैधव्य आले आणि ती नाशिकला माहेरी परतली. येताना तिने दोन पातळे, एक तांब्याचा गडू आणि एक रंगवलेली लाकडी पेटी आणली. पेटीत गंजिफा. रुपयाच्या जुन्या नाण्याहून बऱ्याच मोठ्या, गोल गोल चकत्या, लाखेचा चकचकीत हात दिलेल्या. एकशे वीस. दशावतारांचे दहा रंग, आणि प्रत्येक रंगात राजा, वजीर आणि एक्क्यापासून दहापर्यंतची पाने. मत्स्यावताराच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू, रामाच्या पानांवर बाण. आमचा वाडा रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे रामाचा राजा हातात आला की आजी तो आधी कपाळाला लावायची आणि मग खेळायची. साहजिकच तो तिच्याकडे आहे हे सगळ्यांना कळायचे.

गंजिफाला तीन भिडू लागतात. तिघांना चाळीस चाळीस पाने. आत्या, आजी आणि शेजारच्या वाड्यातल्या एक काकू असा त्यांचा डाव दुपारची झाकपाक झाली की ओटीवर रंगायचा. पांढरे धोतर अंथरायचे, त्यावर पाने पालथी घालून दोन्ही हातांनी घुसळायची, कारण गोल पाने आपल्या पत्त्यांसारखी पिसता येत नाहीत. हुकूम वगैरे भानगड नाही. पण लक्षात ठेवायचे किती! निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, तर उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा आणि दश्शी लहान. दिवसा खेळ बसला तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याने उतारी करायची. दिवेलागणीनंतर बसला तर कृष्णाचा राजा असेल त्याने. कोणती पाने पडून गेली आणि कोणती कोणाच्या हातात उरली याचा हिशेब या तिन्ही बायका तोंडी ठेवत. काकूंना तर सही करता येत नव्हती.

मी दहा-अकरा वर्षांचा असताना आजी गेली. तेराव्यानंतर काही दिवसांनी आत्याने मला हाक मारली, "अरे, तिसरा भिडू हवाय. बसतोस?" बसलो. चार-सहा दुपारी बसलो असेन. दश्शी कुठे मोठी आणि कुठे लहान यात सारखा चुकायचो. आणि खाली घाटावर विटीदांडू चालू असायचा, त्याचा आवाज वर यायचा. एक दिवस म्हणालो, "आत्या, मला अभ्यास आहे." तिला ठाऊक होते की अभ्यास नाही. "जा," म्हणाली. पुन्हा तिने कधी विचारले नाही आणि मीही विचारले नाही. पेटी फडताळात गेली. १९६९ च्या महापुरात गोदामाई वाड्यात शिरली तेव्हा ते फडताळ पाण्यात होते. पेटी निघाली, पण पाने फुगून एकमेकांना चिकटली होती. गंजिफाचे पान कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून करतात. वरून लाख असली तरी चार दिवस पाण्यात ती किती टिकणार? आत्याने तो गोळा उन्हात ठेवला. सुटला नाही. आजही तो माझ्याकडे आहे.

आता निन्टेन्डोकडे वळतो, कारण नातवाचा प्रश्न तिकडे आहे. पण त्याआधी थोडा इतिहास, सवयीप्रमाणे.

गंजिफा आपल्याकडे इराणातून आला. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त अकबराच्या पत्त्यांचे सविस्तर वर्णन केले आहे. मोगल गंजिफात ताज, शमशेर, गुलाम, चंग असे आठ रंग आणि शहाण्णव पाने. आपल्या लोकांनी तो खेळ घेतला आणि त्यात दशावतार बसवले. परकी वस्तू घ्यायची आणि तिला कुंकू लावून घरात आणायची, ही आपली जुनी रीत. जपान्यांनीही तेच केले. पोर्तुगीज दर्यावर्दी सोळाव्या शतकात जपानला पोचले, त्यांच्या 'कार्ता'चे तिथे 'कारुता' झाले. पुढे परदेशी पत्त्यांवर बंदी आली, तेव्हा त्यांनी चिन्हे बदलली. पुन्हा बंदी आली, पुन्हा बदलली. असे करत करत फुलांच्या पत्त्यांपर्यंत आले. हेच पोर्तुगीज १५१० पासून गोव्यात होते आणि गोव्याची हद्द सावंतवाडीला लागून. क्योतो आणि सावंतवाडी या दोन गावांत एरवी काय नाते असणार? पण दोन्हीकडे पत्ते हाताने बनवणारे कारागीर होते आणि दोन्हीकडे छापील विलायती पत्ते येऊन धडकले.

सावंतवाडीत ही कला चितारी मंडळींच्या घरी. भोसले संस्थानिकांचा आश्रय. पानांचे दोन प्रकार असत, दरबार कलम आणि बाजार कलम. दरबारासाठी बारीक कुंचल्याचे, सोन्याच्या वर्खाचे काम आणि बाजारासाठी चार फटकाऱ्यांतले स्वस्त काम. हे बाजार कलम महत्त्वाचे. आत्याची पेटी बाजार कलमाचीच असणार, कारण तिचे सासर काही जहागीरदारांचे नव्हते. बाजार कलम होते म्हणून ओटीवरच्या तीन बायका खेळू शकत होत्या. मग छापील बावन्न पत्ते आले. स्वस्त, हलके, पिसायला सोपे, नियम लवकर कळणारे. बाजार कलम आधी गेले. आश्रय होता तोवर दरबार कलम तग धरून राहिले, पुढे संस्थानेही विलीन झाली.

आणि क्योतोत? तिथे निन्टेन्डोने ते छापील विलायती पत्ते स्वतःच बनवायला घेतले. १९४९ मध्ये संस्थापकांचे पणतू हिरोशी यामाउची हे विशीतच गादीवर आले. १९५३ मध्ये त्यांनी प्लॅस्टिकचे पत्ते काढले, १९५९ मध्ये पत्त्यांवर डिस्नेची चित्रे छापली. मुलांसह घरेच्या घरे पत्ते खेळू लागली. पण मधली एक गोष्ट मला फार आवडली. १९५६ मध्ये हे यामाउची जगातली सर्वांत मोठी पत्त्यांची कंपनी बघायला अमेरिकेत सिनसिनाटीला गेले. केवढा तरी डोलारा असेल अशा कल्पनेने गेले आणि पाहतात तो लहानसे कार्यालय. पत्त्यांच्या धंद्याचे शिखर एवढेच उंच आहे, हे त्यांना तिथे कळले. कळल्यावर त्यांनी धडपड सुरू केली. झटपट भात काढला, टॅक्सी चालवल्या. सगळे फसले. साठीच्या दशकात पत्त्यांची मागणी ओसरली आणि कंपनी खरोखर अडचणीत आली.

वर आणले ते खेळण्याने. १९६६ मध्ये त्यांच्या कारखान्यातल्या गुनपेई योकोई या तंत्रज्ञाने फावल्या वेळात लाकडी पट्ट्यांचा, लांब होऊन वस्तू पकडणारा एक पंजा केला होता. यामाउचींनी तो पाहिला आणि विकायला काढला. दहा लाखांहून अधिक खपला.

पुढची कथा नातवाला तोंडपाठ होती, मला नव्हती. १९८१ साली कंपनीची पैसे टाकून खेळायची सुमारे दोन हजार यंत्रे अमेरिकेत न खपता पडून होती. ती फेकून देण्याऐवजी त्यात नवा खेळ बसवायचे ठरले. काम दिले शिगेरू मियामोतो या तरुण चित्रकाराला. त्याने गोरिल्ला, शिड्या आणि उड्या मारणारा एक मिशाळ सुतार काढला. तोच पुढे प्लंबर झाला आणि मारिओ म्हणून जगभर गेला. गोदामात पडलेला माल आणि त्यातून मारिओ!

मारिओला मात्र मी ओळखत होतो! नव्वदीच्या दशकात आमच्या मुलाने हट्ट करून 'टीव्ही गेम' घेतला होता. मेन रोडवरच्या दुकानातून आणलेली ती जपानी यंत्राची कुठल्या तरी बिननावाच्या कारखान्यात केलेली नक्कल होती, हे मला गेल्या दिवाळीत कळले. त्यात घालायची ती 'कॅसेट'. तिच्यावर नऊ लाख नव्व्याण्णव हजार खेळ असल्याचे छापलेले, प्रत्यक्षात निघाले वीसेक. वर्गात त्या कॅसेटी एकमेकांना उसन्या दिल्या जात. मी अशा पुष्कळ जप्त केल्या आणि वर्षअखेरीस परत केल्या. त्या काळात नाशिकच्या निम्म्या पोरांना मारिओ माहीत होता आणि निन्टेन्डो हे नाव एकालाही माहीत नव्हते. कंपनीला एक छदाम मिळाला नाही. खेळ मात्र चालू होता.

हा मुद्दा मी नातवाला सांगितला तेव्हा त्याने मान हलवली, पण त्याला हवे होते ते उत्तर अजून मिळाले नव्हते. मग आम्ही दोघांनी मिळून बुडालेल्यांची यादी काढली.

पहिली अटारी. अमेरिकेत घरोघरी व्हिडिओ गेम नेणारी कंपनी. १९८३ च्या सुमारास तिकडचा सगळा बाजारच कोसळला. दुकाने टाकाऊ खेळांनी भरून गेली होती आणि मुलांचा विश्वास उडाला होता. न खपलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोतल्या आलामोगोर्दो गावी उकिरड्यात पुरल्या. पुष्कळांना ही दंतकथा वाटे, पण २०१४ मध्ये उकरून पाहिले तर त्या खरेच निघाल्या. व्हिडिओ गेमचे उत्खनन! आमच्या वेळी मोहेंजोदडो होते. अटारी हे नाव आजही विकले जाते, पण यंत्राच्या बाजारातली ती जागा पुन्हा मिळाली नाही.

दुसरी सेगा. हिची गोष्ट मला जास्त लागली. १९९८ मध्ये तिने ड्रीमकास्ट नावाचे यंत्र काढले. नव्वद लाखांच्या वर खपले, तरी पुरले नाही, कारण सोनीचे प्लेस्टेशन बाजार व्यापून बसले होते. कंपनीचे प्रमुख इसाओ ओकावा आजारी होते. त्यांनी स्वतःचे कोट्यवधी डॉलरचे शेअर्स कंपनीला देऊन टाकले, दिलेले कर्ज माफ केले आणि मार्च २००१ मध्ये ते वारले. त्याच महिन्यात यंत्राचे उत्पादन थांबले. सेगाने पुन्हा यंत्र काढले नाही. मात्र तिचा 'सोनिक' नावाचा निळा हेजहॉग त्याच वर्षी निन्टेन्डोच्या यंत्रावर पळू लागला. जन्मभराचे वैरी, पण सोनिक आजही पळतो आहे.

"म्हणजे हेलोचं पण तसंच होणार," नातू म्हणाला. तो रडवेला झाला नाही, पण खेळातले बटण त्याने उगीचच तीन-चारदा दाबले.

मग निन्टेन्डो. ही पण दोनदा बुडता बुडता राहिली आहे. २००१ साली आणलेले तिचे गेमक्यूब दोन कोटी सतरा लाखांवर थांबले, त्याच काळात सोनीचे प्लेस्टेशन दोन त्याच्या अनेक पटींनी खपत होते. मग २००६ मध्ये त्यांनी 'वी' काढले. ताकदीच्या शर्यतीतून ते बाजूला झाले. हात हलवला की टीव्हीतली रॅकेट हलते, एवढेच. आजी-आजोबा खेळू लागले, दहा कोटींवर यंत्रे गेली. पुढचे 'वी यू' २०१२ मध्ये आले आणि आपटले. हे नवे यंत्र आहे की जुन्याचीच जोडवस्तू, हेच लोकांना कळले नाही. एक कोटी पस्तीस लाखांत खेळ खलास. तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता स्वतः खेळ लिहिणारे. माणसे कमी करा म्हणणाऱ्या भागधारकांना त्यांनी नकार दिला, कारण नोकरीच्या भीतीत असलेला माणूस चांगला खेळ बनवू शकत नाही असे त्यांचे मत होते. २०१४ मध्ये त्यांनी काही महिने आपला पगार निम्मा केला. २०१५ मध्ये पंचावन्नाव्या वर्षी ते गेले. त्यांच्याच काळात काम सुरू झालेले 'स्विच' मार्च २०१७ मध्ये आले आणि पंधरा कोटींच्या वर खपले. त्यांना ते बघायला मिळाले नाही.

स्विचचे एक वैशिष्ट्य नातवाने दाखवले. त्याच्या दोन्ही बाजूंच्या मुठी सुट्या होतात. एक आपण ठेवायची, एक समोरच्याला द्यायची. यंत्र विकत घेतानाच दुसऱ्या भिडूची सोय त्यातच केलेली.

हे ऐकून मी उठलो आणि कपाटातून पेटी काढली. आत्याची नव्हे. ही मी पंधराएक वर्षांपूर्वी सावंतवाडीच्या राजवाड्यातून आणलेली.

ती गोष्ट राहिली. सावंतवाडीची कला संपल्यात जमा होती तेव्हा राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी ती पुन्हा उभी केली. जुने जाणते कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून राणीसाहेब स्वतः शिकल्या. १९७१ मध्ये 'सावंतवाडी लॅकरवेअर्स' सुरू झाले. राजवाड्याच्या दरबारात बसून कारागीर पाने रंगवू लागले, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. एक मुलगी मान खाली घालून कासवे काढत होती. नऊ कासवे, सगळी सारखी. मी म्हटले, "खेळता का तुम्ही कोणी?" ती हसली. "नाही हो काका, आम्ही फक्त रंगवतो." तिच्या जवळ खेळाच्या नियमांचे छापील पत्रक होते, ते तिने मला पेटीबरोबर दिले. सत्वशीलादेवी २०१८ मध्ये गेल्या. सावंतवाडीच्या गंजिफाला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

कोणाचे श्रेय कमी करायचा माझा हेतू नाही. राणीसाहेबांनी हात दिला नसता तर ती कासवे काढणारी मुलगी आज दुसरे काहीतरी करत असती. आणि गंजिफा आपल्याला काचेआड बघावे लागले असते. पण परत काय आले, हे नीट पाहायला हवे. परत आले ते दरबार कलम. लोक ते भेट म्हणून देतात, चौकटीत बसवून भिंतीवर लावतात. माझ्याच एका विद्यार्थ्याच्या दिवाणखान्यात दहा अवतारांचे दहा राजे चौकटीत आहेत, उरलेल्या एकशे दहा पानांचे काय झाले हे त्याला आठवत नाही. बाजार कलम परत आले नाही. ओटीवरचा डाव परत आला नाही. ओडिशात पुरीकडे अजून काही म्हातारे पारावर बसून तिकडचा गंजापा खेळतात असे वाचतो, तेव्हा मला त्यांचा हेवा वाटतो. त्यांची पाने आपल्या पानांइतकी देखणी नसतील, पण हाताळून मळतात. माझी पेटी पंधरा वर्षे कोरी करकरीत होती.

सेगाचे यंत्र गेले आणि खेळ राहिला. सावंतवाडीत उलटे झाले, यंत्र परत आले आणि खेळ गेला. नातवाला हे मी असेच सांगितले. एक्सबॉक्सचे खोके टिकेल की नाही हे मी सांगू शकत नाही. मायक्रोसॉफ्टकडे पैसा ढीगभर आहे, पण पैसा ओकावांकडेही होता. माझ्या मते नुसत्या ताकदीवर आणि पैशावर कोणी परत आलेले नाही. निन्टेन्डो दरवेळी परत आली ती अजून न खेळणाऱ्या माणसाला डावात बसवून. मुलांना, मग आजीला, मग शेजारी बसलेल्याला. एक्सबॉक्सवाले असे कोणाला बसवतात का, ते बघ. तुझ्या शेजारी गेल्या वर्षभरात खेळायला कोण बसले होते?

तो म्हणाला, "शेजारी कोणी नसतं आजोबा. सगळे ऑनलाइन असतात."

"मग आज बस."

सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "मला नाही हं येत ते." मी म्हटले, "मलाही येत नाही." धोतर आता मी वापरत नाही, म्हणून पलंगपोस अंथरला. पत्रक मध्ये ठेवले. नातवाने दोन्ही हातांनी पाने घुसळली. त्याला ते फार आवडले, थांबेचना. चाळीस चाळीस वाटली. गोल पाने हातात धरता येत नाहीत, घसरतात. आत्या ती पंख्यासारखी धरायची, तसे करायला गेलो तर निम्मी मांडीवर सांडली. सौ.ने सरळ ताटात मांडून ठेवली.

आता उतारी कोणाची? पत्रकात वाचले, दिवसा रामाची, रात्री कृष्णाची. बाहेर उजेड होता की नव्हता, ठरवता येईना. रामकुंडावरच्या आरतीच्या घंटेची सौ. वाट पाहत होती, कारण कृष्णाचा राजा तिच्या ताटात सर्वांना दिसत होता. नातवाने मोबाइल काढला. "सूर्यास्त सहा वाजून सहा मिनिटांनी. अजून चार मिनिटं आहेत," म्हणाला आणि त्याने रामाचा राजा पलंगपोसावर टाकला.

मी वजीर टाकायला हवा होता की दुसरे काही, यावर आमचे तिघांचे भांडण झाले. पत्रकात ते नीट लिहिलेले नाही.